शुगर नॉर्मल, पण घरात डायबेटिस: मग रिपोर्टमधले कोणते आकडे बघायचे?

फॅमिली ग्रुपवर लॅबचा रिपोर्ट येतो. उपाशीपोटीची शुगर ९४. खाली अंगठ्यांचा पाऊस पडतो आणि विषय संपतो. पण ज्या घरात आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला डायबेटिस आहे, तिथे हा एक आकडा बघून निर्धास्त होणं घाईचं आहे. टाइप २ डायबेटिसकडे जाणाऱ्या वाटेवर रक्तातली साखर बऱ्याच उशिरा वाढते. त्याच्या आधी काही वर्षं कंबर, ट्रायग्लिसराइड, रक्तदाब आणि लिव्हर यांच्यात बदल होत असतात. ते बहुतेकदा त्याच रिपोर्टमध्ये, शुगरच्या दोन ओळी खाली छापलेले असतात.

घरात डायबेटिस असला की लोकांची दोन टोकं होतात. काही जण म्हणतात, 'माझी शुगर नॉर्मल आहे, मला काही होणार नाही.' काही जण म्हणतात, 'रक्तातच आहे, आज ना उद्या होणारच.' दोन्ही बाजू आकडे बघून तपासता येतात.

घरात असेल तर धोका नेमका किती?

इथे 'घरात' म्हणजे आई, वडील, सख्खी भावंडं आणि मुलं. काका, मावशी, आजोबा यांचाही थोडा हिशेब असतो, पण तो कमी. आणि हे सगळं टाइप २ बद्दल आहे. लहानपणीच सुरू होणारा आणि पहिल्या दिवसापासून इन्सुलिन लागणारा टाइप १ हा वेगळा आजार आहे.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम शहरातल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. त्यात आईवडिलांपैकी एकाला डायबेटिस असलेल्यांमध्ये हा आजार होण्याची शक्यता, दोघांनाही नसलेल्यांच्या तुलनेत साधारण साडेतीनपट निघाली. दोघांना असेल तर सहापट. आयुष्यभराचा विचार केला तर एका पालकाला असल्यास सुमारे ४० टक्के आणि दोघांना असल्यास सुमारे ७० टक्के असा ढोबळ अंदाज डॉक्टर सांगतात. धोका मोठा आहे यात शंका नाही. पण दोघांना डायबेटिस असतानाही दहातल्या तिघांना होत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

यातलं जनुकांचं काम किती? २००६ मध्ये टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकाचा डायबेटिसशी संबंध सापडला. लगेच पुढच्या वर्षी हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर यांनी तो भारतीयांमध्येही असल्याचं दाखवलं. तेव्हापासून अशी शेकडो ठिकाणं सापडली आहेत, पण प्रत्येकाचा वाटा अगदी चिमूटभर. युरोपातल्या 'इंटरअ‍ॅक्ट' या मोठ्या अभ्यासात त्या वेळी माहीत असलेल्या जनुकांची बेरीज करून पाहिली, तर घरातून येणाऱ्या धोक्याचा जेमतेम २ टक्के भाग त्यातून समजला.

म्हणजे घराकडून आपल्याला जनुकांखेरीज आणखी बरंच मिळतं. एकच स्वयंपाकघर, ताटात भाताचा डोंगर करायची सवय, जेवण झाल्या झाल्या आडवं व्हायची पद्धत, आणि आईच्या पोटात असताना झालेलं पोषण. आईला गरोदरपणात डायबेटिस झाला असेल तर बाळाला पुढे धोका वाढतो, आणि त्या आईला स्वतःलाही.

शुगर वाढायच्या आधी शरीरात काय चालू असतं?

सोसायटीतली पाण्याची मोटर आठवा. पाइपात गाळ साचत जातो, तसा टाकी भरायला मोटरला जास्त जोर लावावा लागतो. तुमच्या नळाला पाणी नेहमीसारखंच येत असतं, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. मोटर थकली की मग एके दिवशी वरच्या मजल्यावर बोंब होते.

शरीरात ही मोटर म्हणजे स्वादुपिंड. जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंमध्ये आणि लिव्हरमध्ये पोचवायचं काम त्यातून निघणारं इन्सुलिन करतं. स्नायू आणि लिव्हर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडतं. शुगर नॉर्मल राहते, पण ती राखायला दुप्पट मेहनत पडत असते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात.

आईवडील दोघांनाही टाइप २ आहे, पण स्वतःची शुगर चांगली आहे, अशा १५५ जणांवर अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये ६ ते २५ वर्षं लक्ष ठेवण्यात आलं. १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष आले. ज्यांना पुढे डायबेटिस झाला, त्यांच्यात इन्सुलिनचं काम मंदावल्याची खूण आजाराचं निदान होण्याच्या दहा वर्षांहून अधिक आधी दिसत होती.

२००४ मध्ये येल विद्यापीठातल्या एका अभ्यासाने आणखी आत डोकावून पाहिलं. डायबेटिस असलेल्यांची तरुण, सडपातळ, पण इन्सुलिनला दाद न देणारी मुलं एका बाजूला आणि तशाच बांध्याची इतर मुलं दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटाचे स्नायू इन्सुलिन दिल्यावर सुमारे ६० टक्के कमी साखर उचलत होते आणि त्यांच्या स्नायूंच्या पेशींत ८० टक्के जास्त चरबी होती. अभ्यास लहान होता, दोन्ही गट मिळून २६ जण. पण बाहेरून दोन्ही गट सारखेच बारीक दिसत होते, हा त्यातला लक्षात ठेवण्यासारखा भाग.

'पण मी तर बारीक आहे'

हे वाक्य भारतात जितकं फसवं आहे तितकं क्वचित कुठे असेल.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चार्टप्रमाणे दोघेही सडपातळ. पण स्कॅन करून शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला आणि जगभरच्या मेडिकल कॉलेजांत दाखवला जाऊ लागला. वजनकाटा किलो सांगतो. त्यात स्नायू किती आणि चरबी किती, हे सांगत नाही.

याची मुळं फार मागे जातात. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रिया आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळपास तेवढीच.

ही मुलं १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हाचा निकाल जास्त हादरवणारा होता. मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची शुगर नॉर्मलच्या वर होती, बहुतेकांची प्रीडायबेटिसमध्ये. आणि यातली जवळपास निम्मी मुलं कमी वजनाची होती. शहर, पिझ्झा, लिफ्ट यांचा फारसा संबंध नसलेली ग्रामीण मुलं होती ही.

म्हणून भारतीयांसाठी मापं वेगळी ठेवली आहेत. युरोपीय लोकांमध्ये बीएमआय २५ च्या वर गेला की जास्त वजन म्हणतात. आपल्याकडे २३ पासून.

कोणते पाच आकडे बघायचे?

यासाठी डॉक्टर मेटाबोलिक सिंड्रोम ही व्याख्या वापरतात. पाचपैकी कुठलेही तीन आकडे रेषेपलीकडे असले की तो आहे असं समजायचं. घरात डायबेटिस असणाऱ्याने मात्र तीन होईपर्यंत थांबायचं कारण नाही. एखादा आकडा सरकायला लागला तरी ती सूचना समजावी.

पहिली कंबर. पुरुषांत ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच. स्त्रियांत ८० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. पँटचा नंबर इथे चालत नाही, कारण पोट सुटलं की पँट पोटाखाली सरकते आणि नंबर वर्षानुवर्षं ३४ च राहतो. शेवटच्या बरगडीची खालची कड आणि कमरेचं वरचं हाड चाचपडून बघा, त्यांच्या बरोबर मध्यावर शिवणकामाची टेप धरा, पोट आत न ओढता श्वास सोडा आणि वाचा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च काही नाही, आणि तरीही घरोघरी सगळ्यात कमी मोजला जाणारा आकडा हाच.

दुसरा आणि तिसरा आकडा लिपिड प्रोफाइलमध्ये असतो. ट्रायग्लिसराइड १५० किंवा त्याहून जास्त. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषांत ४० पेक्षा कमी आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी. ही जोडगोळी बहुतेकदा एकत्र येते. लिव्हर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की ते चरबीचे कण भराभर बनवून रक्तात सोडतं. त्याने ट्रायग्लिसराइड वाढतं आणि एचडीएल घसरतं. गंमत म्हणजे टोटल कोलेस्टेरॉल तेव्हाही १८० असू शकतं, आणि आपण तेवढीच ओळ वाचून कागद घडी करून ठेवतो.

चौथा रक्तदाब, १३०/८५ किंवा वर. पाचवी उपाशीपोटीची शुगर, १०० किंवा वर. हो, शुगर पाचवी.

व्याख्येत नसलेल्या पण आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या काही खुणा आहेत. दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या सोनोग्राफीत 'ग्रेड १ फॅटी लिव्हर' असं लिहून येतं आणि 'ते तर सगळ्यांनाच असतं' म्हणून सोडलं जातं. मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा दिसते. ती मळ समजून मुलांची मान घासली जाते, पण ती बऱ्याचदा रक्तात वाढलेल्या इन्सुलिनची खूण असते आणि साबणाने जात नाही. मुलींमध्ये पीसीओएस असेल आणि घरात डायबेटिसही असेल, तर पाळीच्या तक्रारीसोबत शुगरही तपासून घ्यायला हवी.

स्वतःचा स्कोअर काढा

चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने डॉ. व्ही. मोहन यांच्या नेतृत्वाखाली इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर तयार केला. त्याला रक्त काढावं लागत नाही.

• वय: ३५ पेक्षा कमी ०, ३५ ते ४९ असेल तर २०, ५० किंवा जास्त ३०.
• कंबर: पुरुषांत ९० सेंटिमीटरपेक्षा कमी ०, ९० ते ९९ असेल तर १०, १०० किंवा जास्त २०. स्त्रियांत ८० पेक्षा कमी ०, ८० ते ८९ असेल तर १०, ९० किंवा जास्त २०.
• हालचाल: नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचं काम दोन्ही असेल तर ०, दोन्हींपैकी एक असेल तर २०, दोन्ही नसेल तर ३०.
• घर: आईवडिलांपैकी कोणालाच नाही ०, एकाला १०, दोघांना २०.

६० किंवा जास्त म्हणजे धोका मोठा, ३० ते ५० मध्यम, ३० च्या खाली कमी.

समजा, ३८ वर्षांचा माणूस आहे. कंबर ९४, दिवसभर खुर्ची, व्यायाम नाही, आईला डायबेटिस. २० अधिक १० अधिक ३० अधिक १०, म्हणजे ७०. त्याने नियमित चालायला सुरुवात केली तर ६०. कंबर ९० च्या आत आणली तर ५०, म्हणजे मोठ्या धोक्याच्या गटातून बाहेर.

आता शंभरची फोड बघा. आईवडिलांकडून जास्तीत जास्त २० येतात. कंबर आणि हालचाल मिळून ५०. 'रक्तातच आहे' म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून बघावी.

तपासण्या कोणत्या, कधी?

घरात डायबेटिस असेल आणि सोबत वजन किंवा कंबर जास्त असेल, तर वयाची वाट न बघता तपासायचं. नसेल तर पस्तिशीपासून. सगळं व्यवस्थित आलं तर तीन वर्षांनी पुन्हा, प्रीडायबेटिस निघाला तर दरवर्षी.

उपाशीपोटी १०० ते १२५, किंवा ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४, म्हणजे प्रीडायबेटिस. १२६, २०० आणि ६.५ या डायबेटिसच्या रेषा. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करून खात्री करतात.

उपाशीपोटीची शुगर ठीक आणि दोन तासांनंतरची जास्त, असं बऱ्याच जणांत सापडतं. त्यामुळे घरात डायबेटिस असेल आणि वरच्या पाचातले एकदोन आकडे सरकलेले असतील, तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची तपासणी हवी का, हे डॉक्टरांना विचारा. ती कंटाळवाणी आहे, दोन तास लॅबच्या बाकावर बसावं लागतं, म्हणून टाळली जाते.

एचबीए१सी ही तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि तिला उपाशी राहावं लागत नाही, म्हणून ती लाडकी. पण ती हिमोग्लोबिनवर अवलंबून आहे. लोहाची कमतरता असेल तर आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि देशातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना अ‍ॅनिमिया आहे. विदर्भात आणि आदिवासी भागांत सिकलसेल आढळतो, तिथेही हा आकडा दगा देऊ शकतो. अशा वेळी साध्या शुगरच्या तपासण्या जास्त भरवशाच्या.

सत्तर-ऐंशी तपासण्यांचं 'फुल बॉडी पॅकेज' घेण्याची मात्र गरज नाही. इन्सुलिनची पातळी मोजून घेण्याचं फॅड सध्या रील्सवर आहे. त्या आकड्यासाठी सगळ्या लॅबमध्ये सारखी अशी रेषा ठरलेली नाही, आणि जे कळणार ते टेप आणि लिपिड प्रोफाइल बऱ्यापैकी सांगून जातात.

बदलल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण किती ते नीट समजून घ्यायला हवं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने प्रीडायबेटिस असलेल्या ५३१ जणांना तीन वर्षं पाहिलं. नेहमीचा सल्ला मिळालेल्या गटात ५५ टक्के जणांना डायबेटिस झाला. रोज किमान अर्धा तास चालणं आणि आहारात बदल करणाऱ्यांमध्ये ३९.३ टक्के जणांना. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ४०.५ टक्के. गोळी आणि जीवनशैली दोन्ही एकत्र केल्याने वेगळा फायदा दिसला नाही. आणि चालणाऱ्या गटाच्या वजनात विशेष फरक पडला नव्हता, तरी धोका घटला. वजनकाटा हलत नाही म्हणून महिनाभरात चालणं सोडणाऱ्यांसाठी ही मोलाची माहिती आहे.

दुसरी बाजूही बघा. सगळं करूनही शंभरातल्या ३९ जणांना तीन वर्षांत डायबेटिस झालाच. हे लोक आधीच प्रीडायबेटिसमध्ये होते. मोटर थकायच्या आधी, म्हणजे कंबर आणि ट्रायग्लिसराइडच सरकलेलं असताना सुरुवात करण्यात फायदा आहे तो यामुळेच. आणि ही वेळ मोठ्या संख्येने लोकांवर आलेली आहे. आयसीएमआर-इंडियाब अभ्यासाच्या २०२३ मधल्या अहवालानुसार देशात १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आणि १३.६ कोटींना प्रीडायबेटिस आहे. राज्यांमध्ये डायबेटिसचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात, २६.४ टक्के.

बारीक अंगाच्या माणसाने उपाशी राहून वजन आणखी कमी करण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे स्नायूच कमी आहेत, आणि साखर उचलायचं मोठं काम स्नायूच करतात. चालण्यासोबत आठवड्यातून दोनतीनदा ताकदीचे व्यायाम, आणि ताटात डाळ, उसळ, अंडी, दही, मासे यांचा वाटा वाढवणं त्याला जास्त उपयोगाचं. पोट सुटलेल्या माणसाला ताटातला भात, पोळी, भाकरी मोजून घ्यावी लागते. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण चार भाकऱ्या म्हणजे चार भाकऱ्या. उपवासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाट्याची भाजी खाल्ली तर तो दिवस शुगरच्या दृष्टीने उपवासाचा राहत नाही, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. चहासोबतची खारी, टोस्ट, बिस्किटं तर जेवणात धरलीच जात नाहीत.

आईच्या डब्यातली अर्धी गोळी 'आधीपासूनच सुरू करतो' म्हणून घेणं मात्र धोक्याचं. डायबेटिसच्या काही गोळ्या शुगर एकदम खाली पाडतात. प्रीडायबेटिसमध्ये औषध द्यायचं की नाही, हे वय, वजन आणि बाकीचे आकडे बघून डॉक्टर ठरवतात.

घरच्यांना काय विचारून ठेवायचं?

डॉक्टर विचारतात, 'घरात कोणाला आहे?' आणि उत्तर असतं, 'बाबांना थोडी शुगर होती.' एवढ्यावर फार काही कळत नाही. कोणाला, कितव्या वर्षी निघाला, तेव्हा ते जाड होते की बारीक, गोळ्यांवर भागलं की लवकरच इन्सुलिन लागलं, कोणाला हृदयाचा किंवा किडनीचा त्रास झाला, आईला गरोदरपणात शुगर निघाली होती का, हे मोबाइलवर लिहून ठेवा. काही घरांत डायबेटिस लपवला जातो, विशेषतः लग्नाची बोलणी चालू असताना. भावंडांना तरी तो माहीत असायला हवा, कारण एकाला निघाला की बाकीच्यांची तपासणी त्याच महिन्यात व्हायला हवी.

हे वय लिहून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. आजोबा, वडील आणि नातू अशा सलग तीन पिढ्यांत, पंचविशीच्या आसपास, लठ्ठपणा नसताना डायबेटिस निघत असेल, तर तो नेहमीचा टाइप २ नसून एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारा, मोडी या नावाने ओळखला जाणारा प्रकार असू शकतो. त्यात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. जनुकीय तपासणीत तो पक्का झाला, तर त्याच्या काही प्रकारांत इन्सुलिनची इंजेक्शनं बंद करून साध्या गोळीवर भागतं.